धानोरीत घर घेतलंय. सुखोई लढाऊ विमानांच्या आवाजाची सवय होते का हो?

नवी_धानोरीकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतं वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

जानेवारीत आम्ही पुण्यात धानोरीत, लोहगाव विमानतळाजवळ राहायला आलो. पाचवा मजला, दोन बेडरूम, हप्ता वीस वर्षांचा. फ्लॅट रविवारी पाहिला, दुसऱ्यांदाही रविवारीच पाहिला. बिल्डरचा माणूस म्हणाला होता, "मॅडम, एअरपोर्ट पंधरा मिनिटांवर." खोटं नव्हतं. फक्त ते विमानतळ मुळात हवाई दलाचं आहे हे तो बोलला नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आता रोजचं सांगते. संध्याकाळी साडेसातला मी लेकाला झोपवायला घेते, सात महिन्यांचा आहे. डोळा लागतो न लागतो तोच आधी सरकत्या खिडकीची काच चौकटीत गुणगुणायला लागते. मग ओट्यावरच्या जाळीतले चमचे. मग तो आवाज. आवाज म्हणावा की घरावरून कुणी ताडपत्री टरकावत नेतंय म्हणावं, कळत नाही. पोर दचकून दोन्ही हात वर फेकतं आणि मग अर्धा तास रडतं. सासूबाई वाईहून आल्यात, त्या पहिल्या दिवशी देवापुढे जाऊन बसल्या. कुठे युद्ध लागलं की काय असं त्यांना वाटलं.

प्रवासी विमानांचं काही वाटत नाही, ती घरघरत जातात. हे लढाऊ विमानांचंच विचारतेय. सवय होते का? रात्रीचं उड्डाण कोणत्या दिवशी असतं हे आधी कळायची काही सोय आहे का? आणि रात्रीच का?

वन_बीएचके

विमानतळाजवळ घर घ्यायचं आणि विमानाचा आवाज येतो म्हणायचं. उद्या खडकवासल्याला घर घेऊन पाणी दिसतं म्हणा.

फळा_खडू

वन_बीएचके, तुम्ही कुठे राहता? कोथरूडला ना? मग गप्प बसा बघू.

ताई, सवय होते. बाळांना मोठ्यांपेक्षा लवकर होते. मी टिंगरेनगरच्या बाजूला एका शाळेत २२ वर्षं मराठी शिकवतेय. वर्गातला नियम असा की विमान आलं की वाक्य जिथे असेल तिथे सोडायचं, बोट वर करायचं, आवाज गेला की बोट खाली आणि पुढचा शब्द. मुलं इतकी तयार की मी कुठल्या शब्दावर थांबले ते तीच सांगतात. फक्त श्रुतलेखनात घोटाळा होतो. एकदा विमान आलं म्हणून मी "थांबा" म्हटलं, तर निम्म्या वर्गाने वहीत "थांबा" लिहिलं. मी गुण कापले नाहीत.

सुट्टीत माहेरी जाते तेव्हा मीच वाक्याच्या मध्ये उगाच थांबते. भाऊ विचारतो, काय गं, विसरलीस का?

जुना_फिटर

नवी_धानोरीकर, मी वायुसेनेत २० वर्षं इंजिन फिटर होतो. त्यातली काही वर्षं लोहगावला काढली, आता विश्रांतवाडीत स्थायिक आहे. सांगण्यासारखं आहे तेवढं सांगतो.

वेळापत्रक मिळणार नाही. मागू नका आणि कुणी व्हॉट्सॅपवर पाठवलं तर पुढे पाठवू नका. कारण उघड आहे.

रात्रीच का, हे मात्र सांगता येईल. लढाई ऑफिसच्या वेळेत होत नाही. रात्री उडणं हे वेगळंच काम आहे. क्षितिज दिसत नाही, खालचे दिवे आणि वरचे तारे यांची गल्लत होते, आपण सरळ आहोत की कललेलो हे शरीर खोटं सांगतं. तेव्हा शरीराचं न ऐकता यंत्रावर विश्वास ठेवायचा, आणि हा विश्वास पुस्तक वाचून येत नाही. शिवाय हात लवकर गंजतो. काही आठवडे रात्री उडाला नाही तर चांगला पायलटही पुन्हा पहिल्या पायरीवर. चांदण्या रात्रीचा सराव वेगळा, अंधाऱ्या रात्रीचा वेगळा. म्हणून कधी पंधरवडाभर रोज संध्याकाळी आवाज येतो आणि मग काही दिवस शांत. तुमच्या कॅलेंडरवर पौर्णिमा-अमावास्या बघत जा, थोडाफार अंदाज येईल. वेळापत्रक म्हणाल तर ते एवढंच.

दुसरं, लोकांना वाटतं इथे पोरं विमान चालवायला शिकतात. तसं नाही. पहिले धडे हैदराबादजवळ दुंडीगलला, पिलाटस या शिकाऊ विमानावर. पुढे लढाऊ विमानांसाठी निवडलेली पोरं बिदरला हॉक जेटवर. तिथून स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकडीत येतात. पण इथे आल्यावरही नवा पायलट लगेच कामाचा धरत नाहीत. आधी या विमानाची ओळख, मग दिवसा, मग रात्री, मग जोडीने, मग चौघांत, असं चढत जातं. आणि पंधरा वर्षं उडवलेला सुद्धा शिकतच असतो. म्हणजे तुमच्या डोक्यावरून जातं त्यातलं बहुतेक सगळं शिक्षणच.

आवाजाचं कारण रिहीट. इंग्रजी सिनेमात त्याला आफ्टरबर्नर म्हणतात, आम्ही रिहीटच म्हणायचो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम झोतात मागच्या नळीत आणखी इंधन फवारून पेटवायचं. सुखोईला दोन इंजिनं. एकेकाचा जोर साडेसात-पावणेआठ टनांवरून साडेबारा टनांवर जातो. इंधन पाण्यासारखं जातं, म्हणून हौसेने कुणी लावत नाही. पण भरलेलं विमान, अडीच किलोमीटरची धावपट्टी, दुपारची तापलेली विरळ हवा, मग लावावंच लागतं. तुमची काच वाजते ती त्यानेच.

कधीकधी आवाज येतो पण आकाशात काही दिसत नाही आणि तो हलतही नाही, पाच-दहा मिनिटं एकाच जागी चढतो-उतरतो. तो ग्राउंड रन. विमान जमिनीवर, इंजिन बदललं किंवा उघडलं की चालवून बघावं लागतं. त्या आवाजाबद्दल मात्र मी तुमची माफी मागतो, कारण त्यातले काही माझेच असतील.

गच्चीवरचा

जुना_फिटर काका, दंडवत.

मी उलट्या जमातीतला. आवाज आला की गच्चीवर पळतो. २७ सप्टेंबर २००२ ला सुखोई-३० एमकेआय लोहगावातच हवाई दलात दाखल झालं, तेव्हा मी सातवीत. त्याआधी १९९७ ला आलेली सुखोई-३० पण इथेच. ८ जून २००६ ला राष्ट्रपती असताना कलामसाहेब लोहगावातूनच सुखोईतून उडाले, आणि २५ नोव्हेंबर २००९ ला प्रतिभाताई पाटील. त्या दिवशी आमच्या गच्चीवर पन्नास माणसं होती आणि कुणालाच नक्की कळलं नाही की यातलं त्यांचं विमान कोणतं.

ताई, एक खेळ सांगतो. आवाज येतो तिथे बघायचं नाही, त्याच्या बरंच पुढे बघायचं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटर यायला तीन सेकंद. तेवढ्यात विमान चारशे-साडेचारशे मीटर पुढे गेलेलं असतं. नवीन माणूस नेहमी रिकाम्या आकाशाकडे बघतो.

कोंढवे_धावडे

आमच्याकडे एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची भिंत. कॅडेटना हवेची पहिली ओळख सुपर डिमोनावर, मोटर लावलेलं ग्लायडरच ते. लांब पंखांचं पांढरं विमान टेकडीवरून तरंगत जातं, आवाज शेजाऱ्याच्या मिक्सरपेक्षा कमी. वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरच्या शेवटी, दीक्षान्त संचलनाला सुखोई येतात तेव्हा आमचीही कुत्री पलंगाखाली जातात. बाकी वर्षभर तुमचं दुःख आम्हाला कळत नाही, खरं सांगतो.

आजोळकर

धागा वाचला. मी लोहगावचा, मूळ गावठाणातला. सगळे आवाजावरच बोलतात म्हणून लिहितो.

आमचं गाव तुकोबांचं आजोळ. हे पहिलं. विमानतळ १९३९ चा, इंग्रजांनी मुंबईच्या रक्षणाला बांधला. हे दुसरं. तेव्हा "आधी कोण" हा हिशोब फ्लॅटवाल्यांनी आणि कोथरूडवाल्यांनी आम्हाला शिकवू नये. आमच्या पणज्याची जमीन त्या कुंपणाच्या आत आहे. आजा सांगायचा, बैल सोडून दिले तरी सवयीने तिकडंच जायचे आणि शिपाई हाकलायचा.

आवाजाचं आम्हाला काही नाही. सप्ताहात कीर्तन रंगात आलं आणि वरून विमान गेलं की बुवा थांबतात, वीणेकरी तेवढा झंकार चालू ठेवतो, विमान गेलं की पुढचं चरण. आमच्या पोरांनी मिग-२९ बघितली, त्याआधीच्यांनी कॅनबेरा बॉम्बर. गावातली किती पोरं आत कामाला लागली, किती घरांच्या खोल्यांत एअरमन भाड्याने राहिले, कुणाची लग्नं जमली. तक्रार आवाजाची नाहीच.

तक्रार बांधकामाची आहे. १९०३ चा कायदा आहे, वर्क्स ऑफ डिफेन्स अ‍ॅक्ट. त्याखाली कुंपणापासून १०० मीटरात बांधायचं नाही, दारूगोळ्याच्या कोठाराभोवती ९०० मीटर. आता भाऊ वाटण्या झाल्या, माझ्या वाट्याला जे घर आलं त्यावर एक मजला चढवायचा म्हटलं तर परवानगी नाही. पोरगं लग्नाचं. कागद घेऊन एका कचेरीत गेलो तर म्हणाले दुसरीकडे जा, दुसरीकडे गेलो तर म्हणाले पहिल्यांनी द्यायला पाहिजे. चार वर्षं झाली. आणि जरा पलीकडे दहा-दहा मजली टॉवर उभे राहतात, त्यांची पत्रकं "एअरपोर्ट व्ह्यू" म्हणून वाटतात. कायदा असावा, आमचं म्हणणं नाही. बॉम्बशेजारी कुणाला राहायचंय? पण जमीन बांधायला येत नाही तर तिचं काहीतरी मोल द्या, नाहीतर घ्या एकदाची. नुसती अडकवून ठेवू नका.

वन_बीएचके

टॉवरला परवानगी मिळते कारण ते १०० मीटरच्या बाहेर असतात. पुढे उंचीचं गणित वेगळं असतं, धावपट्टीपासून जितकं लांब तितकं वर जाता येतं, रंगांचा नकाशाच असतो. लष्करी विमानतळ असल्याने उंचीचा ना-हरकत दाखला हवाई दलाकडून लागतो. सगळंच काळंबेरं समजू नका. पण जमिनीच्या मोबदल्याचं तुमचं म्हणणं बरोबर आहे.

(आणि हो, मी कोथरूडला राहतो. पण माझी साइट धानोरीत आहे.)

फळा_खडू

म्हणजे "पंधरा मिनिटांवर" म्हणणारा माणूस तुमचाच की काय?

वन_बीएचके

नाही हो! मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. पण इथेच एक उपयोगी सांगतो. ताई, बाहेरच्या सरकत्या खिडकीतून आवाज येतो तो मुख्यतः फटीतून. ब्रशची पट्टी झिजलेली असते, नवीन बसवा, काही शे रुपयांत काम होतं. दुहेरी काच जमली तर एकाच खोलीला, बाळाच्या. जाड पडद्याने रिहीटचा खालचा घुमणारा आवाज अडत नाही, पैसे घालवू नका.

थेऊरवाला

१४ ऑक्टोबर २०१४. दिवाळीच्या आधीचा आठवडा. लोहगावकडे उतरणारं सुखोई आमच्या भागात शेतात पडलं. दोन्ही पायलट छत्रीने उतरले, गावातलं कुणी दगावलं नाही. आधी धूर दिसला, मग सगळा गाव उसातून पळत सुटला. मी पण. तिथे पोहोचल्यावर कळलं की पळत जाऊन करायचं काय ते कुणालाच माहीत नाही. कुणी हंडे आणले होते, कुणी नुसते मोबाइल.

नंतर देशभरातली सगळी सुखोई तपासणीसाठी महिनाभर जमिनीवर बसवली होती. त्या महिन्यातली शांतता मला अजून आठवते. ताई, सवय होते का विचारलंत ना? त्या महिन्यात आमच्या आईला संध्याकाळी झोप येईना. म्हणायची, कशी आहेत रे ती पोरं?

एक मात्र वाटतं. कुंपणाबाहेरच्या गावांना, पडलंच कधी विमान तर जवळ जायचं नाही, काय शिवायचं नाही, वाट कुठली मोकळी ठेवायची, एवढं शाळेत येऊन कुणी सांगायला हवं. आम्ही त्या दिवशी हंडे घेऊन गेलो होतो.

जुना_फिटर

थेऊरवाला, अगदी बरोबर. आणि सांगायचंच तर पहिलं हे सांगायला हवं: पायलटची खुर्ची दिसली तर हात लावू नका. तिच्यात स्फोटकं असतात, सगळी उडालेली असतीलच असं नाही. विमानाच्या तुकड्यांच्या धुरात उभं राहू नका. आठवण म्हणून तुकडा घरी नेऊ नका, चौकशीला प्रत्येक तुकडा लागतो.

पुणे३२

पुरंदरला नवीन विमानतळ झाला की सगळं तिकडे जाईल. विषय संपला.

आजोळकर

प्रवासी विमानं जातील, सुखोई इथंच. आणि पुरंदरच्या सात गावांना विचारलं का? ते पण जमिनीसाठीच रस्त्यावर बसलेत. त्यांची अंजिरं खाता ना?

टिटवी

उशिरा आले धाग्यावर. मी पक्षिनिरीक्षक, राहायला कळसला. एक बाजू इथे कुणीच लिहिली नाही.

विमानाकडून आपल्याकडे आवाज येतो, त्यावर शंभर वर्षं बोलू. आपल्याकडून विमानाकडे काय जातं? घारी.

घार उकिरड्यावर जगते. कोंबडी कापल्यावरची आतडी-पिसं, हॉटेलचं उरलेलं, आपल्या ओल्या कचऱ्याच्या फाटलेल्या पिशव्या. सकाळी दहाच्या पुढे जमीन तापली की वर चढणाऱ्या गरम हवेवर घार पंख न हलवता गोल गोल वर जाते, आणि नेमकी त्याच उंचीवर विमानं उतरायच्या वाटेला लागलेली असतात. किलोभराच्या आत-बाहेरचा पक्षी. पण विमानाचा वेग बघता तो पक्षी राहत नाही, दगड होतो. प्रवासी विमानाचं इंजिन पक्षी गिळूनही बऱ्याचदा निभावतं. लढाऊ विमान जमिनीजवळ, वेगात, वळणात असलं तर पायलटकडे विचार करायला दोन-तीन सेकंद असतात.

१९३७ च्या विमान नियमांतला ९१ वा नियम असा की विमानतळापासून १० किलोमीटरात जनावरं कापायची नाहीत, पक्षी जमतील असा कचरा टाकायचा नाही. आता नकाशावर लोहगावभोवती १० किलोमीटरचं वर्तुळ काढा. येरवडा, खराडी, वाघोली, दिघी, धानोरी, कल्याणीनगर, सगळे आत. किती जणांनी पाळलाय?

माझ्या नावाची टिटवी पण गुन्हेगार आहे. पावसाळ्यात धावपट्टीकडेच्या गवतात किडे होतात, टिटव्या त्यासाठी येतात आणि विमान आलं की उडण्याऐवजी आधी ओरडत बसतात. ते गवत कापणं, पक्षी उडवणं हे आतल्यांचं काम, ते करतातही. उकिरडा मात्र आपला.

जुना_फिटर

टिटवीताई, तुम्ही लिहिलंत म्हणून सांगतो. सुखोईच्या हवेच्या तोंडात आत जाळी असते, जमिनीवर धावताना ती वर येते, खडे-पिसं आत जाऊ नयेत म्हणून. मिग-२९ ला तर झडपच होती. पण विमान उडालं की जाळी खाली बसते, तिथून पुढे देवाची कृपा. मी बर्ड हिटनंतर, म्हणजे पक्षी आदळल्यावर, इंजिनात टॉर्च घालून एकेक पातं बोटाने तपासलंय. पात्याच्या कडेला नखाएवढा खळगा पडला तरी कळायला हवा. एकदा आत एक पीस चिकटलेलं होतं, करड्या-तपकिरी रंगाचं, पूर्ण शाबूत. इतक्या उष्णतेत ते कसं वाचलं देव जाणे. पायलट बाहेर उभा होता, पंचविशीचा पोरगा, चहाचा कप धरलेला हात हलत होता. मी ते पीस त्याला दाखवलं नाही.

गच्चीवरचा

लग्नातले लेझर पण लिहा. गणपतीत सुद्धा. अंधाराला सरावलेल्या डोळ्यात हिरवा झोत गेला की पायलटला काही काळ समोरचं दिसत नाही. आमच्या रस्त्यावर दर लग्नात असतात.

नवी_धानोरीकर

सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. तीन आठवड्यांनी हालहवाल लिहितेय.

वन_बीएचके, ब्रशची पट्टी बदलली. काच गुणगुणायची थांबली, आवाज आहे तेवढाच आहे. पण खरं म्हणजे पोराला काचेचाच त्रास होता असं दिसतंय, कारण आता दचकतो पण रडत नाही.

टिटवीताई, तुमचा प्रतिसाद वाचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत उभी राहिले. आमच्या सोसायटीच्या मागच्या फाटकाबाहेर, रोहित्राच्या बाजूला, एक ढीग आहे. चिकनच्या दुकानाचा, आणि खोटं कशाला बोलू, आमच्याही पिशव्या त्यात असतात, कारण गाडी चुकली की सगळे तिथेच टाकतात. दहा ते साडेदहा मी घारी मोजल्या. १९ पर्यंत मोजता आल्या, मग त्या फिरायला लागल्या की त्याच पुन्हा मोजल्या जातात. साडेदहाच्या सुमाराला त्या हळूहळू गोल घेत वर गेल्या. खूप वर. दोन सुखोई पूर्वेकडून आली, मी गच्चीवरचा यांच्या सांगण्याप्रमाणे आवाजाच्या पुढे बघितलं आणि पहिल्यांदा विमान नीट दिसलं. माझ्या पोटात गोळा आला, तो आवाजाने नाही.

सोसायटीच्या बैठकीत विषय काढला. चेअरमन म्हणाले, हा महापालिकेचा प्रश्न. मी म्हटलं, पिशवीवर आपल्या बी विंगचं नाव मार्करने लिहिलेलं आहे, दाखवू का? मग जरा शांतता. चिकनवाल्या काकांशी मीच बोलले. ते म्हणाले, उचलणारा रोज आला तर मला काय हौस आहे का? आता आम्ही आणि ते मिळून एक माणूस ठरवलाय, तो रात्री आठला झाकणाचा डबा घेऊन येतो. पहिल्या आठवड्यात दोन दिवस आला नाही. या आठवड्यात रोज आलाय. काल सकाळी घारी सात होत्या.

आजोळकर दादा, तुमच्या मजल्याचं काही झालं का?

आजोळकर

नाही अजून. गुरुवारी परत बोलावलंय. सप्ताह पुढच्या महिन्यात आहे, बाळाला आणि सासूबाईंना घेऊन या. काल्याच्या दिवशी या म्हणजे जेवायलाच.